दाढीचा नकाशा न काढता दाढी: ब्रश, फेस आणि दोन हातांची सोपी पद्धत

सेफ्टी रेझर वापरायला लागलो तेव्हा पहिले चार महिने माझ्या आरशाच्या कोपऱ्यात एक कागद चिकटवलेला होता. त्यावर चेहऱ्याची आकृती आणि आकृतीभर बाण. गालावर खाली जाणारे, जबड्याखाली तिरके, गळ्याच्या डाव्या बाजूला वर चढणारे, उजव्या बाजूला भोवरा. जिथे वाचावं तिथे एकच सल्ला होता: आधी केसांचा कल, म्हणजे ते कुठल्या बाजूला झुकतात ते, ओळखा, मग पहिला हात (‘हात’ म्हणजे इथे चेहऱ्यावरून रेझरची एक पूर्ण फेरी) कलाच्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा उलटा. मी तो मनापासून पाळला. तरी जबड्याखालची आग काही जाईना.

कारण कळलं ते तुरटीमुळे. दाढीनंतर ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवली की जिथे कातडी खरवडली गेलेली असते तिथे ती झोंबते. माझी तुरटी नेमकी तिथेच झोंबायची जिथे मी दिशेची सगळ्यात जास्त काळजी घेत होतो. भोवऱ्यापाशी मी थांबायचो, कागदाकडे बघायचो, रेझर वळवायचो, खात्री नसली की त्याच जागेवरून पुन्हा फिरवायचो. तोवर फेस निघून गेलेला असायचा आणि हातातला जोर वाढलेला असायचा. म्हणजे दिशा सांभाळायच्या नादात मी त्याच जागी कोरड्या कातडीवर तीन-चारदा पातं ओढत होतो.

कागद काढून टाकला आणि पद्धत दोन ठरलेल्या हातांवर आणली. एक वरून खाली, एक बाजूने. आज तीच लिहून देतोय, म्हणजे तुमचे चार महिने वाचतील. (दर हाताआधी नवा फेस.)

आधी थोडं केसांच्या कलाबद्दल

दाढीचा केस कातडीतून सरळ उभा येत नाही, तिरका येतो. तो ज्या बाजूला झुकतो तो त्याचा कल. गालावर तो बहुतेकांचा साधारण खाली असतो, गळ्यावर मात्र कसाही असू शकतो. पातं कलाच्या दिशेने गेलं तर केस कमी ओढला जातो, उलट्या दिशेने गेलं तर जास्त ओढला जातो आणि जास्त खोलवर कापला जातो. इथपर्यंत सगळं खरं आहे.

पण हा फरक केस किती लांब आहे, किती भिजलेला आहे आणि पातं किती धारदार आहे यावर फार अवलंबून असतो. लांब, कोरडा खुंट उलटा ओढला तर तो वाकतो, मुळाशी ताण येतो आणि डोळ्यांत पाणी येतं. तोच खुंट नीट भिजला असेल आणि पहिल्या हातात जवळजवळ सपाट झाला असेल, तर दुसऱ्या हातात पात्याला ओढायला फारसं काही उरतच नाही. मग दिशा चाळीस अंश इकडे की तिकडे, याने फार बिघडत नाही. दाढी रोज साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते. रोज किंवा एक दिवसाआड दाढी करणाऱ्याचा खुंट एक मिलिमीटरच्या आतच असतो. एवढ्यासाठी नकाशा लागत नाही.

दुसरं, उभा हात आणि आडवा हात मिळून प्रत्येक केसाला पातं दोन वेगळ्या बाजूंनी भेटतं. पहिल्या हातात पात्याखाली आडवा पडून निसटलेला केस दुसऱ्यात सापडतो. कोणता केस कुठे झुकला आहे हे माहीत नसलं तरी हे होतंच. ही पद्धत चालते ती याच कारणामुळे.

एक समज इथेच बाजूला करतो. उलटी दाढी केली की केस राठ होतात, असं पुष्कळजण सांगतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हे तपासलं होतं. दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असंच दिसलं. वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून हाताला राठ लागतं. रेझर कुठल्या बाजूने फिरवला याचा त्याच्याशी संबंध नाही.

काय काय लागेल

- दोन्हीकडे धार असलेलं ब्लेड बसणारा सेफ्टी रेझर. सुरुवातीला सौम्य आणि सरळ पट्टीचा घ्या. खालच्या पट्टीला दातेरी खाचा असलेले रेझर नवशिक्यासाठी नाहीत.
- ब्लेडं. दोन-तीन प्रकारची थोडी थोडी घेऊन ठेवा, पण शिकताना एका वेळी एकच प्रकार वापरा.
- ब्रश. कृत्रिम केसांचा घ्या. तो भिजवत ठेवावा लागत नाही, लवकर वाळतो आणि फेसही लवकर करतो. डुकराच्या केसांचा ब्रश चांगला असतो, पण तो आधी भिजवावा लागतो आणि मऊ पडायला काही आठवडे घेतो.
- दाढीचा साबण किंवा ट्यूबमधलं क्रीम. क्रीमने फेस करणं शिकायला सोपं.
- एक वाडगा. हातावर किंवा चेहऱ्यावरही फेस करता येतो, पण वाडग्यात चूक दिसते.
- तुरटीचा खडा.
- दाढीनंतर लावायला बिनअल्कोहोलचं, साधं मॉइश्चरायझर किंवा बाम.
- वापरलेली ब्लेडं टाकायला पत्र्याचा बंद डबा, झाकणाला बारीक चीर पाडलेला.

दाढीपूर्वीची तेलं, तीन प्रकारची आफ्टरशेव्ह, ब्रशचा स्टँड यातलं काही आत्ता घेऊ नका. गोष्टी जास्त झाल्या की बिघाड कशामुळे झाला हे ओळखता येत नाही.

१. ब्लेड नीट बसवा

ब्लेड त्याच्या आखूड बाजूंना धरा, तिथे धार नसते. रेझरचं डोकं उलटं ठेवून खुंट्यांवर ब्लेड बसवा, वर खालची पट्टी ठेवा, आखूड टोकांकडून दोन्ही थर दाबून धरा आणि मग मूठ फिरवून घट्ट करा. आता रेझर उजेडात डोळ्यांसमोर धरा. दोन्ही बाजूंनी पातं सारखंच बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. एका बाजूने जास्त आलं असेल तर सैल करून पुन्हा बसवा. एका बाजूने गुळगुळीत दाढी होते आणि दुसरीने ओरखडे येतात, अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

२. केस भिजू द्या

घाईत हीच पायरी गळते, आणि पद्धत सगळ्यात जास्त उभी आहे ती याच पायरीवर. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषलं की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं तरी पाणी मिळायला हवं. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर वेगळं काही करावं लागत नाही. नाहीतर चेहरा कोमट पाण्याने धुवा, थोडा साबण चोळून चेहऱ्यावरचं तेल काढा (तेलाचा थर असला की पाणी आत जायला वेळ लागतो) आणि पुसू नका. ओल्या चेहऱ्यावरच पुढचं काम.

पाणी कढत नको. कढत पाण्याने कातडी आधीच लाल होते आणि मग दोष रेझरला लागतो.

केस मऊ करणं पात्यासाठीही गरजेचं आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की पोलाद केसापेक्षा पन्नासपट कठीण असूनही केस पात्याच्या कडेचे बारीक टवके काढतो. कापला जाताना केस वाकतो आणि जिथे पोलाद आतून एकसारखं नसतं तिथे कड तुटते. म्हणजे पातं नुसतं झिजून बोथट होत नाही. काल छान चाललेलं ब्लेड आज अचानक ओढायला लागलं तर तो तुमच्या हाताचा दोष असेलच असं नाही.

३. फेस: वाटतं त्यापेक्षा जास्त पाणी लागतं

ब्रश ओला करा आणि दोनदा झटका. वाडग्यात अंगठ्याच्या नखाएवढं क्रीम घ्या, ब्रश गोल फिरवत राहा. सुरुवातीला घट्ट, चिकट लगदा होईल. नवशिके इथेच थांबतात, कारण तो भरघोस दिसतो. पण तो फेस कोरडा आहे. आता बोटांनी चार-पाच थेंब पाणी टाका आणि पुन्हा फिरवा. पुन्हा थेंब, पुन्हा फिरवा. हळूहळू बुडबुडे दिसेनासे होतात, फेसावर ओलसर चकाकी येते आणि ब्रश उचलला की फेसाची टोकं ताठ न राहता किंचित वाकतात.

खात्री करायची ती बोटांनी. थोडा फेस अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन घासा. बोटं एकमेकांवरून सरकून गेली पाहिजेत. अडखळली तर अजून पाणी हवं. फेस बोटांवरून वाहून जायला लागला तर पाणी जास्त झालं, थोडं क्रीम घाला. फेस दिसायला कसा आहे ते सोडून द्या, तो सरकतो का एवढं बघा. पात्याखाली कातडी सांभाळणारा तोच एक थर आहे.

नळाचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस लवकर बसतो. अशा वेळी साबण थोडा जास्त घ्या किंवा फेसापुरतं शुद्ध केलेलं पाणी वापरा.

चेहऱ्यावर फेस लावताना ब्रश गोल फिरवा. त्याने खुंट उभे राहतात आणि फेस मुळाशी जातो. शेवटी दोन-चार सरळ फटके मारून थर सारखा करा. लावून झाल्यावर अर्धा मिनिट तसंच थांबा.

४. कोन कानाने शोधा

रेझरची मूठ टोकाकडे धरा, दोन बोटं आणि अंगठ्यात, पेन धरावं तशी सैल. सगळ्या पंजाने मूठ आवळली की जोर आपोआप येतो. धातूच्या रेझरचं वजन कापायला पुरेसं असतं. तुमचं काम रेझर चेहऱ्यावर टेकवून पुढे नेणं, एवढंच.

कोनाची गोष्ट कागदावर वाचून कळत नाही, म्हणून हे करून पाहा. गालावर फेस असताना रेझरच्या डोक्याचा वरचा गोल भाग गालाला टेकवा, मूठ चेहऱ्यापासून सरळ बाहेर आलेली. या स्थितीत रेझर खाली ओढला तर तो नुसता घसरतो, पातं कातडीला लागतच नाही. आता मूठ हळूहळू खाली आणत छोट्या छोट्या ओढी घ्या. एका ठिकाणी बारीक करकर ऐकू येईल. तो केस कापले जात असल्याचा आवाज, आणि तो तुमचा कोन. पातं आणि कातडी यांच्यात तो साधारण तीस अंशांचा असतो, पण अंश मोजू नका, आवाज धरा. मूठ आणखी खाली आणली तर आवाज बदलतो आणि खरवडल्यासारखं वाटू लागतं. तिथून परत वर या.

मी पंधरा दिवस पंखा, गाणी, सगळं बंद ठेवून दाढी केली. आवाज ओळखीचा झाल्यावर हनुवटीच्या वळणावरही हात आपोआप फिरायला लागला.

५. पहिला हात: सगळीकडे वरून खाली

गाल, जबडा, गळा, मिशी, हनुवटी, सगळीकडे वरून खाली. भोवरा असो, तिरके केस असोत, या हातात वळायचं नाही. दोन-तीन सेंटिमीटरच्या आखूड ओढी घ्या, दर दोन-तीन ओढींनी रेझर पाण्यात खळबळा, ब्लेडची दुसरी बाजू वापरा.

क्रम असा ठेवा: दोन्ही गाल, मग गळा, आणि मिशी-हनुवटी शेवटी. तिथले केस सगळ्यात जाड असतात, त्यांना फेसाखाली जितका जास्त वेळ मिळेल तितकं चांगलं.

मोकळ्या हाताने कातडी हलकी ताणून धरा. बोटं घसरत असतील तर ती आधी तुरटीवरून फिरवा, पकड येते. जबड्याच्या कडेवर थेट रेझर चालवू नका. कातडी गालाकडे वर ओढा, म्हणजे कडेखालची कातडी हाडावर सपाट होते, आणि मग तिथे फिरवा. कंठमण्यावर एक आवंढा गिळून तो वर धरा किंवा कातडी बाजूला सरकवून सपाट जागेवर काम करा. मिशीसाठी वरचा ओठ दातांवर ताणा.

या हातात अर्धी-पाऊण दाढी गेली की झालं. काही जागी खुंट हाताला लागतील. ते राहू द्या. ज्या जागेवरचा फेस गेला त्या जागेवर रेझर परत न्यायचा नाही, हा या सगळ्या पद्धतीतला एकच नियम मी कडकपणे पाळा म्हणेन. खुंट राहिले तर दुसरा हात आहेच.

गळ्यासाठी मात्र एक सवलत. काहींच्या गळ्यावरचे केस जवळजवळ सगळेच वर चढणारे असतात. त्यांना पहिलाच हात पूर्ण उलटा पडतो, आणि पूर्ण वाढीच्या खुंटावर उलटा हात झोंबतो. यासाठीही नकाशा नको. एक आठवडा गळ्यावर वरून खाली जा. रोज झोंबत असेल तर पुढचा आठवडा गळ्यावर खालून वर जा, बाकी चेहरा तसाच. ज्या आठवड्यात कमी झोंबलं ती तुमच्या गळ्याची बाजू. ठरली की पुन्हा त्याचा विचार नाही.

६. दुसरा हात: कानाकडून नाकाकडे

चेहरा ओला करा, पुन्हा पूर्ण फेस लावा. वाडग्यात तो उरलेला असतोच, घट्ट झाला असेल तर दोन थेंब पाणी.

आता दोन्ही बाजूंनी मध्याकडे या. गालावर कानाकडून नाकाकडे, जबड्याखाली कानाकडून हनुवटीकडे, गळ्यावर बाजूकडून कंठाकडे, मिशीवर ओठाच्या कोपऱ्याकडून मधोमध. आडव्या हातात कोन चुकणं सोपं असतं, कारण मनगट वेगळ्या तऱ्हेने वळतं. म्हणून पहिल्या हातापेक्षाही हलका हात ठेवा आणि पुन्हा आवाज ऐका. आवाज आता बराच बारीक येईल. जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे कापायला काही नाही, पुढे चला.

विरुद्ध बाजूच्या गालासाठी डोक्यावरून हात नेऊन कसरत करू नका. मान थोडी फिरवा, कातडी ताणा, त्याच हाताने जमतं.

७. इथे थांबा

तिसरा, खालून वरचा हात आहे. त्याने गाल काचेसारखे होतात. पण पहिले दोन महिने तो करू नका. दोन हातांनंतर बघणाऱ्याला दाढी झालेलीच दिसते. बोटं उलटी फिरवली तर कुठे तरी खरखर लागेल, पण ती फक्त तुमच्या बोटांना कळते. मी आजही तो हात क्वचितच मारतो, आणि मारला तरी फक्त गालांवर. गळ्यावर त्यातून जे मिळतं त्यापेक्षा जातं जास्त.

८. गार पाणी आणि तुरटी

चेहरा गार पाण्याने धुवा, ओला असतानाच तुरटीचा खडा सगळीकडे हलका फिरवा. वीस-तीस सेकंद थांबा आणि लक्ष द्या.

हीच तुमची रोजची तपासणी. कुठेच झोंबलं नाही तर हात हलका होता. सगळीकडे सारखं झोंबलं तर बहुधा फेस कोरडा होता किंवा ब्लेड संपलेलं आहे. एकाच ठिकाणी झोंबलं तर तिथे जोर लावला, किंवा फेसाशिवाय पुन्हा फिरवलं. उद्या त्या एका जागेकडे लक्ष द्यायचं, बाकी काही बदलायचं नाही. एका दाढीत एकच बदल केला तर महिन्याभरात तुमच्या चेहऱ्याची सगळी माहिती हाताला होते, आणि ती कुठल्याही बाणांच्या कागदापेक्षा पक्की असते.

मग तुरटी धुऊन टाका. ती तशीच वाळू दिली तर कातडी ताणते, कोरडी पडते. टॉवेल चोळू नका, टिपून घ्या. मॉइश्चरायझर लावा. कुठे कापलं असेल तर तुरटीचं ओलं टोक तिथे थोडा वेळ दाबून धरा, बारीक जखमेचं रक्त थांबतं. तुरटीचा खडा आणि रेझर दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत, घरातल्यालाही नाहीत. दोन्हीला रक्त लागलेलं असू शकतं.

९. आवराआवर

रेझर वाहत्या पाण्यात धुवा, झटका, उघड्यावर वाळू द्या. ब्लेड टॉवेलने पुसू नका, धारही जाते आणि बोटही. ब्रश स्वच्छ धुऊन पाणी पिळा, झटका आणि हवेशीर ठेवा. ओला ब्रश डब्यात बंद केला की त्याला वास येतो.

ब्लेड किती दिवस चालतं, याला एक आकडा नाही. माझं पाच दाढ्यांना टिकतं. राठ दाढीचं तीनलाच संपेल. ओढल्याची पहिली जाणीव झाली की टाका, सहावी दाढी त्यातून काढायची म्हणून जोर लावू नका. वापरलेलं ब्लेड थेट पत्र्याच्या डब्यात. कचऱ्यात सुटं टाकलेलं ब्लेड कचरा उचलणाऱ्याचा हात कापतं. विमानप्रवासात सुटी ब्लेडं हातातल्या पिशवीत चालत नाहीत, ती मोठ्या सामानात ठेवा.

नेहमी फसायच्या जागा

कार्ट्रिजच्या, अनेक पात्यांच्या रेझरची सवय सोबत घेऊन येणं ही सगळ्यात मोठी. ते रेझर थोडे दाबले तरी चालतात, डोकं हलतं आणि कोन स्वतःच सांभाळतं. सेफ्टी रेझर दाबला की कापतो. पहिल्या आठवड्यात दर चार ओढींनी स्वतःला विचारा, बोटं सैल आहेत का?

दुसरी जागा म्हणजे एकदम सगळं बदलणं. सोमवारी आग झाली, मंगळवारी नवं ब्लेड, नवा साबण आणि वेगळा रेझर. मग काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही. आधी पाणी वाढवा, मग जोर कमी करा, मग ब्लेड बदला, याच क्रमाने. खर्चाची गोष्ट शेवटी येते.

तिसरी, आठवडाभर वाढलेल्या दाढीवर थेट ही पद्धत. लांब केस पात्यात अडकतात आणि तिथे दिशेचा फरक खरंच पडतो. आधी ट्रिमरने बारीक करा, मग भिजवा.

कोणी मात्र दिशा पाहावीच

ज्यांचे केस कुरळे आणि जाड आहेत त्यांना कापलेला केस परत कातडीत शिरून लाल, दुखरी पुटकुळी येण्याचा त्रास जास्त होतो. केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला की हे वाढतं. अनेक पात्यांचे रेझर केस थोडा वर ओढून खाली कापतात, त्यामुळे त्यांनीही वाढतं. तुम्हाला हा त्रास असेल तर एक पातं तुमच्या बाजूचं आहे, पण दुसरा आडवा हात तुमच्यासाठी नाही. बोट गालावरून फिरवून बघा, ज्या बाजूला मऊ लागतं त्या बाजूला एकच हात मारा, कातडी ताणू नका आणि थोडा खुंट राहू द्या. आत शिरलेला केस सुईने उकरू नका, जंतुसंसर्ग होतो आणि डाग राहतात.

पू झालेल्या पुटकुळ्या किंवा मुरुमांच्या जागा रेझरने टाळा, वळसा घालून जा. पुटकुळ्या दोन-तीन आठवड्यांत बसल्या नाहीत तर दाढी थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोपर्यंत ट्रिमरने बारीक ठेवलेली दाढी चालते, आणि कातडी भरून यायला मोकळीक मिळते.